निंगचा अल्बम मला आवडला नाही

६ डिसेंबर

आला एकदाचा! 'तिसरा मजला'. दहा गाणी. गणवेशांचं कटिंग बाजूला सारलं, मशीन बंद केलं, पंखासुद्धा बंद केला — मध्ये आवाज नको. सगळी ऐकली. मग पुन्हा ऐकली.

इस्को, निंगचा बाप, सवारीची ट्रायसिकल दारात लावून आत आला. उभ्या उभ्या दोन गाणी ऐकली, डोळे पुसले. "आपली निंग! तान्सानमध्ये! कुणाला खरं वाटेल?" म्हणाला आणि पुन्हा फेरीवर गेला.

मला आवडला नाही.

इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? तान्सान माझा आवडता बँड आहे. निंग पोटात होती तेव्हापासून ओबेटचा आवाज या घरात आहे. त्याच्या कॅसेटी लावून मी अर्ध्या सान पाब्लोचे गणवेश शिवले. पोरगी नीट बोलायला लागली नव्हती, पण त्याची गाणी येत होती. दोन वर्षांपूर्वी ओबेट बायकोमागोमाग कॅनडाला गेला, बँडनं नवा गायक शोधायला घेतला, आणि माझ्या पोरीनं जाऊन ती जागा मिळवली. केवढी रडले होते मी आनंदानं!

आणि गाते कशी? ओबेटसारखी. घशात खडे धरून. निंगच्या घशात खडे नाहीत, मला माहीत आहे ना!

पाचवं तेवढं वेगळं. 'धुणं' नावाचं. त्यात ती ती वाटते.

८ डिसेंबर

तान्सानवाल्यांचा आमचा ग्रुप पेटलाय. "ओबेटची झेरॉक्स." "झेरॉक्स बरी, हिची शाई संपलीय." "पोरगी गोड आहे, पण गोड खायचं तर मी बिको खाईन." एकानं लिहिलंय, बायकोनं सोडलं तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं. त्याच्या बायकोनं खाली लिहिलं — मी अजून घरातच आहे.

चांगलंही लिहितात लोक. पण ते कोण वाचतं? मी तर वाचत नाही.

१० डिसेंबर

ग्रुप चालवतो तो डॉक तिनो — लिपा शहरातला दातांचा डॉक्टर — त्यानं आज हे एवढं मोठं लिहिलं. शिवी एक नाही. म्हणून जास्त लागलं. "ही मुलगी ओबेटचे कपडे घालून उभी आहे. बाह्या लांब झाल्यात आणि कुणी तिला सांगत नाही."

मी शिंपीण! बाह्यांचं मला शिकवतोस?

लिहिलं मी. ग्रुपवर माझं नाव 'लिताज टेलरिंग' आहे, दुकानाच्याच खात्यावरून सगळं चालतं. मी निंगची आई हे तिथे कुणाला ठाऊक नाही. लिहिलं की डॉकला कान तपासायची गरज आहे, सगळा अल्बम सोन्यासारखा आहे, निंग ओबेटच्या वर आहे. वर!

उत्तरं आली. "ताई, सुईत दोरा ओवा." "दुकानवालीला पैसे मिळालेत वाटतं."

डॉकचं उत्तर एवढंच — "कोणतं गाणं सर्वांत आवडलं, ताई?"

फोन पालथा घालून मशीन चालू केलं.

१६ डिसेंबर

नाताळाआधीची पहाटेची पहिली मिस्सा झाली. चर्चबाहेर तांदळाची गरम बिबिंका घेतली, इस्कोनं अर्धी रस्त्यातच संपवली. घरी येतो तर निंगचा फोन. क्युझोन सिटीत तालीम चालू आहे, आवाज बसलाय.

"इनाय, ऐकलास ना अल्बम? कसा वाटला?"

"छान."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान, बाळ."

मग बापाचं सांगितलं, "इताय पण छानच म्हणाले." आणि ठेवला.

२५ डिसेंबर

निंग घरी. दुपारपर्यंत झोपली. उठून थंडगार हॅम हातानं खाल्लं. जाता जाता सहज म्हणाली, "इनाय, त्या दातांच्या डॉक्टरशी भांडू नकोस. मी वाचते तिथलं सगळं."

कान गरम झाले माझे!

४ जानेवारी

फिएस्ताला, गावच्या जत्रेला, पंधरा तारखेला तान्सान इथे वाजवणार. आमच्या प्लाझात! इस्को स्टँडवर सगळ्यांना सांगून आला.

ग्रुपवर ठरतंय ते वेगळंच. नवं गाणं सुरू झालं की तान्सानवाल्यांनी स्टेजकडे पाठ करायची. आरडाओरडा नाही, फेकाफेक नाही. नुसती पाठ. "ओबेटच्या गाण्यांना तोंड, बाकीला पाठ." मतं घेतली. डॉक तिनोनंही हो म्हटलंय.

मी मत दिलं नाही. ग्रुपही सोडला नाही.

७ जानेवारी

इस्कोला सांगितलं. तो चाकाला हवा भरत होता. "पाठ म्हणजे काही दगड नव्हे," म्हणाला. पंप खाली ठेवून म्हणाला, "सांग तिला."

"तू सांग."

"मला ते इंटरनेटातलं कळत नाही."

ती तिथलं सगळं वाचते, म्हणजे तिला माहीतच असणार. असं मनाशी धरून बसले.

१४ जानेवारी

नाही सांगितलं.

१५ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहिते.

प्लाझा गच्च. उन्हं उतरत होती, स्टेजवर नारळाच्या झावळ्यांची कमान. मी आणि इस्को पुढून तिसऱ्या रांगेत. माझ्या शेजारी एक उंच, वाळका माणूस, हातात पिशवीभर लांझोनेसची फळं. चुना लावल्यासारखे पांढरेशुभ्र दात. मी ओळखला लगेच, डॉक तिनोच! त्यानं मलाही दोन लांझोनेस दिली!

पहिली दोन गाणी ओबेटची, जुनी. सगळे ओरडत होते, मी पण. मग नवं आलं, आणि माणसं वळली. एकदम नाही. इथे पाच, तिथे दहा, कुजबुजत, एकमेकांना कोपरानं ढोसत. मग पुढचा जवळजवळ सगळा भाग. पाठच पाठ. मुलांना वाटलं खेळ आहे, तीही वळली.

निंगनं बघितलं. एक ओळ चुकली. पुढली धरली.

"ताई, वळा," तो वाळका हळूच म्हणाला. स्वतः वळला होता.

"माझी पोरगी आहे ती."

त्याच्या हातातली पिशवी खाली आली. "तुम्ही... टेलरिंग?"

"हो. टेलरिंग."

मग मान खाली घालून म्हणाला, "मला फार वाईट वाटतंय, ताई. खरंच. पण गाणं वाईट आहे." आणि तसाच राहिला, पाठ करून!

थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. कारण गाणं वाईट होतं. मी एकटी तोंड करून उभी होते, टाळ्या पिटत होते, आणि मला ते माहीत होतं. इस्को माझा दंड धरून उभा. तो मात्र खराखुरा ऐकत होता.

चार गाणी तशीच गेली. मग 'धुणं' लागलं. तिनं माईक स्टँडवर ठेवला आणि हात मोकळे सोडले. कुणी वळून आलं असं नाही, तसलं काही झालं नाही. पण कुजबुज थांबली. आणि माझ्या शेजाऱ्याची नुसती मान वळली. अंग तिकडे, मान इकडे. तसाच अवघडून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

१६ जानेवारी

निंग काल इथेच राहिली. सकाळी सुके तुयो मासे तळले, लसणाचा भात केला. डोळे सुजलेले तिचे, पण जेवत होती.

"तुला ठाऊक होतं ना?"

"हो."

"मला पण ठाऊक होतं." मासा मोडला. "तरी बघायला वेगळंच वाटतं गं. एवढी डोकी, आणि तोंड एकही नाही."

"माझं होतं."

"हो. तुझं होतं." मग सरळ माझ्याकडे बघून, "इनाय, आता खरं सांग. छान म्हणू नकोस."

सांगितलं. सगळं. की ओबेट व्हायला जातेस आणि ते जमत नाही, जमलं तरी काय उपयोग, तो आहेच की. की नऊ गाणी मला ऐकवत नाहीत. की 'धुणं' लागलं की मी मशीन थांबवते.

इस्को उठून बाहेर गेला.

निंग ताटाकडे बघत होती. "दीड महिना," म्हणाली. "दीड महिना छान म्हणत राहिलीस, त्या लोकांशी माझ्यासाठी भांडलीस, आणि तुलाही तेच वाटत होतं?"

"तू माझी पोरगी आहेस."

"ते आहेच गं! पण ऐकणारी माणसं किती आहेत मला, ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवीन अशी? एक. तीही छान म्हणत बसली."

दुपारच्या जेवायला थांबली नाही. इस्कोनं बसस्टँडवर सोडलं.

२३ जानेवारी

फोन नाही.

२ फेब्रुवारी

फोन नाही. इस्को म्हणतो तू कर. केला. "तालमीत आहे इनाय, नंतर." आवाजावरून काही कळेना.

ग्रुपवर डॉक तिनोनं मला वेगळं लिहिलंय. की त्या दिवसाचं त्याच्या मनातून जात नाही, आणि लिपाला आलात तर दात फुकट बघेन. माझे दात चांगले आहेत. तरी बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

शाळेचे सदरे झाले. निंगचा फोन नाही.

२१ फेब्रुवारी

ओबेट परत आला! बँडनं काल जाहीर केलं. ग्रुपवर नुसते फटाके. निंगनं स्वतः महिनाभर कॅनडाला फोन करून त्याला बोलावलं आणि आपली जागा त्याला दिली, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मला सांगितलं निंगनं — आज सकाळी गिटार आणि दोन पिशव्या घेऊन दारात उभी होती. "नऊ त्याचीच होती, इनाय. पाचवं मी घेऊन आले."

संध्याकाळी डॉकनं ग्रुपवर विचारलं, मग आता 'धुणं' कोण म्हणणार? खाली तीनशे माणसं तेच विचारतायत.

ती मागच्या खोलीत आहे, दार लावून. नवं काहीतरी चाललंय. आतून जे ऐकू येतंय ते मला अजून आवडलेलं नाही.

दार वाजवून तसं सांगून आले.