इंजिनाला घातलेला हार

श्री. इंद्रजीत यांस,

‘प्रिय’ मुद्दाम गाळलंय. घटस्फोटात गाडी माझ्याकडे आली, तेव्हा तू म्हणालास, “तुला झेपणार नाही.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धायरीच्या चढावर ती तापली आणि बंद पडली. तुझ्या त्या लाडक्या गॅरेजवाल्याने नुसती वाफ बघून सांगितलं, “मॅडम, इंजिनाचं काम निघालंय. एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाका.” तासाभरात तुझा फोन, “भंगाराच्या भावात मीच घेतो.” एवढी तत्परता संसारात दाखवली असतीस तर!

गाडी गार झाल्यावर मीच बॉनेट उघडलं. आईने दसऱ्याला खुद्द इंजिनालाच झेंडूचा हार घातला होता. तो काढायचा राहिला आणि त्याचा दोरा इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्यात गुंडाळला गेला. मी कात्रीने दोरा कापला, कूलंट भरलं, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू!

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर म्हणशील, “बॉनेट उघडायला मीच शिकवलं होतं.” त्यापेक्षा रविवारी आईला शेजारी बसवून हडपसरला तुझ्या सोसायटीवरून जाईन आणि फाटकाशी हॉर्न वाजवीन.

आवाज तुझ्या ओळखीचा आहे. गॅलरीत ये.

चालक आणि मालक,
हेमांगी