हिरव्या लुगड्याचा काठ

कामठा, ७ जुलै २०२४

ती. बाबा यांस,
खुशबूचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पत्र. शाळेतल्या प्रयोगासाठी मागवलेलं जुन्या कापडांचं गाठोडं मिळालं. माझ्या सातवीच्या पोरांनी शाळेमागे खड्डा खणून केळीची सालं, कागद, कुरकुऱ्याची पाकिटं आणि तुमचं कापड पुरलं. तीन महिन्यांनी उकरायचं, काय कुजलं, काय नाही ते वहीत मांडायचं. रुचीनं तर गणिताचा नापास पेपरच पुरला!

बाकी काही विचारत नाही. मोतियाबिंदूचं ऑपरेशन टाळू नका.

तुमची,
खुशबू

अर्जुनी, १ ऑक्टोबर

चि. खुशबूस, अ. उ. आ.

ऑपरेशन झालं, डोळा उघडला. तुझं मागचं पत्र शेजाऱ्यानं वाचून दाखवलं होतं; हे मात्र माझ्या हातचं, अक्षराला हसू नको.

काल तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं. फोटोसमोर ठेवावं म्हणून तू पहिल्या पगारात घेतलेलं तिचं हिरवं लुगडं काढायला गेलो, तर पेटीत नाही. जपून ठेवायची, अंगाला लावायची नाही. शेवटच्या महिन्यात मात्र तेच नेसून बसायची. जुलैत मी चाचपडतच कापडं काढून दिली होती. तुझ्या खड्ड्यात तर गेलं नाही ना? गेलं असेल तर आजच काढ.

तुझा बाबा,
केवळराम

कामठा, ६ ऑक्टोबर

ती. बाबा यांस,
सविनय जयभीम.

लुगडं गाठोड्यातच होतं. मी ते ओळखलं होतं. आईचं लुगडं तुम्ही चिंध्यांत टाकलं, याचा इतका राग आला की तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. तुम्हाला दिसत नव्हतं, हे रागाच्या भरात ध्यानातच आलं नाही. मीच ते खड्ड्यात ठेवलं.

पत्र आलं त्याच दिवशी उकरलं. सुती कापड मातीत मिसळून गेलेलं. काठ तेवढा अख्खा निघाला, त्यातले जरीचे धागे प्लास्टिकचे होते. काठ सडला नाही म्हणून पोरं नाचायला लागली, आणि फळ्यावर 'न कुजणारे'च्या रकान्यात मला तो लिहावा लागला.

चुकले बाबा. काठ धुऊन पाठवते आहे.

तुमची,
खुशबू

अर्जुनी, १३ ऑक्टोबर

चि. खुशबूस, अ. उ. आ.

काठ मिळाला. आईच्या फोटोला घातला. दोन दिवस तुझ्यावर रागावलो, जेवलो नाही, खोटं कायले लिहू? मग रडलो. आता बरा आहे. पोरांना खरं तेच शिकव, प्लास्टिक वाईटच. एवढा काठ राहिला, ते मात्र मला बरं वाटलं.

पण खड्ड्यात ठेवण्याआधी एक पत्र टाकून विचारलं काऊन नाही व पोरी? एवढंच मनाला लागून राहिलं. पुढे विचारत जा. तिचं म्हणून विचारण्यासारखं घरात आता काही उरलं नाही, तरी विचारत जा.

शाळेला सुट्टी लागली की ये. या म्हाताऱ्यावर आहे तसाच जीव असू दे.

तुझा बाबा