गळती शून्य

रविवार, ३ मार्च

गाडीखाली तेलाचा डाग. ताटलीएवढा, काळा, ताजा. शेजारच्या पार्किंगवाल्या काकांनी दाखवला. मला आधीच दिसला होता, असं त्यांना सांगितलं. दिसलाच असता.

निदान : ऑइल पॅनचं गॅस्केट गेलंय. इंजिनच्या तळाशी तेल साठवणारं भांडं असतं, ते आणि इंजिन यांच्यामधली पातळ पट्टी. किरकोळ काम. पंपांच्या कारखान्यात मी गळती तपासणीला आहे. माझ्या सहीशिवाय एक पंप बाहेर जात नाही. मी गॅरेजची पायरी चढणं म्हणजे शिंप्याने बटण लावून घ्यायला दुसरीकडे जाणं.

ताईचा फोन. ती, भाऊजी आणि छोटी सत्तावीसला कायमचे परदेशी चालले आहेत, हे तिने पुन्हा सांगितलं. जणू मी विसरले असेन. त्याआधी एका रविवारी गाडी घेऊन ये, म्हणाली. गाडी मुळात तिची. तिने मला दिली. शेवटचं एकदा चालवू दे गं, म्हणाली. मी म्हटलं, आधी गळती थांबवते. गळकी गाडी हायवेवर काढणं बेजबाबदारपणाचं आहे. ती म्हणाली, बरं बाई, इंजिनिअर.

योजना : शनिवारी काम, रविवारी ताईकडे. वेळ भरपूर.

बुधवार, ६ मार्च

नवं गॅस्केट, फटी बुजवणारं सीलंट, इंजिन ऑइलचा कॅन. सगळं आणलं.

टेस्टिंगमधल्या चष्मेवाल्याने माझ्या टेबलावर गॅस्केट पाहिलं. शनिवारी येऊ का, म्हणाला. पॅन धरून ठेवायला माणूस लागतो, मला तेवढंच येतं. मी म्हटलं, नको, जागा फार कमी आहे. (पार्किंग अर्धं रिकामं असतं. पण गाडीखाली जागा कमीच असते.) तो बरं म्हणाला आणि चहा घेऊन पलीकडच्या टेबलावर गेला. तिथे सगळे हसत होते. त्यामुळे माझ्या टेबलावर शांतता मिळाली.

शनिवार, ९ मार्च

गाडी स्टँडवर चढवली. जुनं तेल काढलं. पॅनचे बोल्ट सुटले, एक सोडून. तो गंजलेला. जोर लावल्यावर तुटला. माझ्या जोराचा दोष नाही. धातू थकलेला होता.

काम पुढच्या शनिवारी.

ताईला तांत्रिक कारण सांगितलं. ती म्हणाली, मग बसने ये की, गाडीचं काय एवढं. मी म्हटलं, गाडी स्टँडवर असताना घर सोडता येत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. असायला हवा.

रविवार, १० मार्च

दिवसभर घरी. दोनदा खाली जाऊन गाडी पाहिली. स्टँडवरच होती.

काका स्कूटर पुसत होते. रोज पुसतात. ती वर्षभर चालू झालेली नाही. घरी कोण कोण असतं गं तुझ्या, विचारलं. मी म्हटलं, मी असते. ते म्हणाले, हां. आणि आरसा पुसायला लागले. माणसाला वेळ जात नसला की तो काय काय उद्योग काढतो, हे पाहून वाईट वाटलं.

शनिवार, १६ मार्च

तुटका बोल्ट निघाला. जुनं गॅस्केट खरवडून काढलं. कडा आरशासारख्या साफ. इतकं स्वच्छ काम गॅरेजमध्ये होत नाही.

पॅन बसवणं दोन माणसांचं काम आहे, असं मॅन्युअल म्हणतं. मॅन्युअल सरासरी माणसासाठी असतं. मी जॅकवर कॉलेजची पुस्तकं रचली आणि त्यावर पॅन टेकवला. पहिल्यांदा गॅस्केट सरकलं. दुसऱ्यांदा पुस्तकं सरकली. तिसऱ्यांदा पॅन छातीवर, उरलेलं तेल कानात. काकांनी वाकून विचारलं, हात लावू का? मी म्हटलं, नको, झालंच आहे. ते तिथेच उभे राहिले. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. बऱ्याच वेळाने चपला गेल्या.

शेवटी गुडघ्यांनी धरून बसवला. मग बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तिरपे तिरपे, टॉर्क रेंचने. ठरलेला ताण आला की रेंच क्लिक करतो. पुरे, असं सांगतो. माणसांना असं काही बसवलेलं नसतं.

सीलंट सुकेपर्यंत दिवसभर काहीही करायचं नाही. काहीही न करणं मला जमतं. खाली स्वच्छ पुठ्ठा टाकला.

रविवार, १७ मार्च

पुठ्ठा कोरडा!

ताईने विचारलं, आज येतेस? सीलंट सुकतंय, असं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आता पुढचाच रविवार, आणि तो शेवटचा हं. मागून छोटी ओरडली, मावशी, आमची गाडी बरी झाली का? मी म्हटलं, झाली. मी मुलांशी खोटं बोलत नाही.

मंगळवार, १९ मार्च

कोरडा. फोटो चष्मेवाल्याला दाखवला. इंजिन चालू करून पाहिलंस का, त्याने विचारलं. मी म्हटलं, सध्या निरीक्षणाचा काळ आहे, घाई नाही. तो म्हणाला, धन्य आहेस. माझ्या कामाचं असं उघड कौतुक त्याने पहिल्यांदा केलं.

गुरुवार, २१ मार्च

कोरडा. एक थेंब नाही. कारखान्यातल्या कुठल्याही पंपाने इतका चांगला निकाल दिलेला नाही. ताईला पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. तिने लिहिलं, सुंदर. ये आता.

शनिवार, २३ मार्च

उद्या निघायचं. छोटीला रंगपेट्या घेतल्या. पिशवी दारात.

ताईला काय बोलायचं, याचा विचार केला. आई गेल्यावर माझ्या वेण्या ताई घालायची. इतक्या घट्ट की भुवया वर जायच्या. टॉर्क जास्त. शाळेत सगळ्यांना वाटायचं, मला सतत कशाचं तरी आश्चर्य वाटतंय. हे सांगायला हरकत नाही. बाकीचं सांगायची गरज नाही, तिला माहीत असेल.

रविवार, २४ मार्च

सकाळी गाडी चालू केली. तेलाचा लाल दिवा लागला तो विझेना. सेन्सर खराब, दुसरं काय. पार्किंगमधून वर येणाऱ्या चढणीवर इंजिनने खडखडाट केला, भांड्यांचं कपाट पडल्यासारखा. फाटकाशी बंद केली.

काका धावत आले. तेल कुठलं घातलंयस, विचारलं. मी ग्रेड सांगितली. मग डिकी उघडली. कॅन तिथेच होता. सील न फोडलेला.

गळती शून्य, हा निष्कर्ष चुकीचा नव्हता. गळायला आत काही नव्हतं.

काका आणि वॉचमनने गाडी ढकलत खाली नेली. दोघंही हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

ताई मात्र फोनवर खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, बसने ये, आत्ता नीघ. मी म्हटलं, हात काळे आहेत. ती म्हणाली, धुऊन ये. मी म्हटलं, इंजिन तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही. तिने मग विचारलं, तुला यायचंच नाहीये का गं? मी म्हटलं, प्रश्न इच्छेचा नाही, बेअरिंगचा आहे. ती म्हणाली, बरं. जेवून घे.

हात धुतले. साबणाने डाग लगेच निघाले.

मंगळवार, २६ मार्च

ऑफिसमधून लवकर आले. तेल भरलं. इंजिन चालू. आवाज स्वच्छ. पुठ्ठा कोरडा, या वेळी खरोखर. बेअरिंग वाचलं.

आत्ता निघाले तर अंधार पडायच्या आत ताईकडे पोचेन. पण तिच्याकडे बांधाबांध चालू असेल, मध्ये मध्ये यायचं म्हणजे तिलाच त्रास. उद्या सरळ विमानतळावर जाईन. तेच सोयीचं.

बुधवार, २७ मार्च

पंपांची मोठी बॅच तपासायला आली. दुसरं कुणी सही करू शकलं नसतं. चष्मेवाला म्हणाला, मी करतो, तू जा. पण त्याची सही वेगळी आहे.

ताईचा फोन आला तेव्हा चाचणीच्या खोलीत आवाज फार होता. घेतला असता तरी ऐकू आलं नसतं. नंतर मेसेज : विमानात बसलो. छोटी खिडकीशी बसलीये. तेल बघत जा.

सगळे पंप पास.

रविवार, ३१ मार्च

फोन वाजला नाही. तिकडे रात्र असेल.

गाडी पूर्ण तपासली. गळती नाही. लांबच्या प्रवासाला एकदम योग्य, आता कुठेही नेता येईल. बाहेर काढून फाटकापर्यंत नेली. काकांनी विचारलं, कुठे निघालीस? मी म्हटलं, टेस्ट. पार्किंगच्या तीन फेऱ्या मारल्या आणि परत जागेवर लावली.