बगळ्यांनी मला आपलं मानलं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
ठरलं! आजपासून मी वन्यजीव छायाचित्रकार. नोकरी गेल्याचं दुःख कालपर्यंत होतं, आज अजिबात नाही. हिनं मात्र अट घातली आहे. रविवारपर्यंत भिंतीवर लावण्यासारखा पक्ष्याचा एक तरी फोटो दाखवा, नाहीतर सोमवारपासून दादाच्या दुकानात बसा. दादा म्हणजे माझा मेहुणा. दुकान हार्डवेअरचं. दिवसभर खिळे विकायचे आणि वर त्याचे विनोद ऐकायचे! पण ती वेळ येणारच नाही. भिंत कमी पडेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
नदीकाठच्या कुरणात गेलो. म्हशी चरतात आणि त्यांच्या पायांत गायबगळे, पांढरेशुभ्र. म्हैस पाऊल टाकते, गवतातले नाकतोडे उडतात, बगळा गट्टम करतो. काय सोय आहे! भरपूर फोटो काढले. सगळ्यांत म्हशी फार सुंदर आल्या आहेत. बगळे मी जवळ गेलो की उडतात. पक्षी कुठे आहे, असं हिनं विचारलं. कलेची जाण सगळ्यांनाच नसते.

४ नोव्हेंबर.
नवी युक्ती. म्हशीच्या आडून फोटो. युक्ती बिनचूक होती, पण म्हैस पुढे सरकली आणि मी उघडा पडलो. शेपटीचा फटका थेट डोळ्यावर. कशावर पाय घसरला ते लिहीत नाही.

५ नोव्हेंबर.
गेलो नाही. हवा ढगाळ. (नऊला ऊन पडलं, पण तोवर मूड गेला होता.)

६ नोव्हेंबर. दुपार.
युरेका! बगळ्यांचं माझ्याशी वैर नाही, माझ्या दोन पायांशी आहे. उद्यापासून चार पायांवर! पाहुण्यांसाठी ठेवलेलं काळं ब्लँकेट पांघरून हॉलमध्ये रंगीत तालीम केली. सोफ्याभोवती फेऱ्या मारत असताना मुलगी मैत्रिणीला घेऊन आली. दार उघडलं, बघितलं, दार लावलं. दोघी बाहेरच गेल्या.

७ नोव्हेंबर.
बगळे दहा फुटांवर! म्हशींच्या मालकीणबाई आधी काठी घेऊन धावत आल्या होत्या. ब्लँकेट वर करून तोंड दाखवलं. मग म्हणाल्या, इथेच रांगणार असाल तर जरा म्हशींकडे बघा, मी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन येते. केवढा हा विश्वास! संध्याकाळी आल्या. गुडघे सोलवटले आहेत. एका म्हशीनं कान चाटला. कळपात प्रवेश मिळाला असं समजतो.

८ नोव्हेंबर, शनिवार.
आले! आले! आले! मी रांगतो, नाकतोडे उडतात आणि बगळे माझ्या हातापायांपाशी टिपतात! एकानं तर थेट माझ्या नाकासमोरचा टिपला. चक्क रडलो. फोटो नाही, कारण दोन्ही हात पाय झालेले. कॅमेरा गळ्यात लोंबत होता, त्यात चिखल गेला. हात उचलला की सगळे भुर्रकन उडतात. उद्या बघू. ही म्हणाली, उद्याच रविवार आहे. माहीत आहे मला.

९ नोव्हेंबर, रविवार.
अक्षर गेलं खड्ड्यात. बगळा माझ्या पाठीवर बसला! ब्लँकेटमधून त्याची बोटं लागत होती. खरं तर फोटोची हीच वेळ. दुकान डोळ्यांसमोर दिसत होतं, खिळे दिसत होते, मेहुण्याचे दात दिसत होते. तरी हात उचलवला नाही. उडाला असता हो! इतका आनंद मला प्रमोशन मिळालं तेव्हाही झाला नव्हता. (आणि स्वतःच्या पाठीचा फोटो काढणार तरी कसा?)
तेवढ्यात मागून क्लिक. ही आणि दादा डबा घेऊन आले होते. हिनं मोबाइलवर फोटो काढला आणि काय फोटो! पिसन् पीस दिसतंय, आजूबाजूला म्हशीही आल्या आहेत. जिंकलो म्हणून ओरडलो, बगळा उडाला. ही म्हणाली, फोटो मी काढलाय, तेव्हा कॅमेराही आता माझा. मी मुद्दा मांडला की अट फोटो दाखवण्याची होती, काढायचा कोणी ते ठरलंच नव्हतं. मुद्दा कोर्टात टिकला असता. पण ती इतकी हसत होती की गवतात बसकण मारली तिनं. नोकरी गेल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मीच मोठ्या मनानं मुद्दा सोडला.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुकान.
ही तात्पुरती सोय आहे. आंतरराष्ट्रीय संधी यायला थोडा वेळ लागतोच. दादानं फोटो मोठा करून काउंटरमागे लावला आहे, स्वतःहून. पहिलंच गिऱ्हाईक बिजागऱ्या बाजूला ठेवून बघतच राहिलं. अप्रतिम, म्हणाले गृहस्थ. मी नम्रपणे सांगितलं की या फोटोत मी आहे. त्यांनी चष्मा लावला, जवळ जाऊन पुन्हा नीट पाहिलं आणि विचारलं, यातले तुम्ही कोणते.