दाण्याची चिमूट

केनवड, रविवार

चि. रीता बेटा,

डॉक्टर म्हणून नमस्कार, अन् माह्या दोस्ताची, दौलतसिंगची लेक म्हणून आशीर्वाद. दोन्ही ठेवून घे. नागपुरात जेवण टायमावर होते का? दुसऱ्याच्या खाण्यावर संशोधन करता करता तू सोता उपाशी राह्यतं, असं तुहा बाप सांगत होता. इकडे समदे खुशाल. माहे गुडघे सोडून.

परवा जऊळक्याले लग्नात गेलतो. पंगतीत माह्या बहिणीनं, लिलाबाईनं, माह्या नातीच्या, आपल्या संस्कृतीच्या, ताटात वांग्याची भाजी वाढली. (लिलाबाईचा आग्रह तुले माहीत नाई. ताटावर हात आडवा धरला त हातावर वाढते.) भाजीत दाण्याचं कूट हाये, हे नातीनं घास गिळल्यावर ध्यानात आलं. मागच्या साली असाच एक घास गेलता, तवा पोरीचे ओठ सुजले, दम कोंडला, दवाखान्यात नेईपर्यंत मी देवाले शिव्या देत होतो. म्हणून माही सूनबाई वैभवी सुई घेऊन उभी, दम कोंडला त टोचायले तू देलेली. अख्खी पंगत हात थांबवून पाह्यते, नवरदेव बी. पोरीनं पाणी पेलं, आमच्या तोंडाकडे पाह्यलं अन् म्हणे, "जिलबी कवा येते?"

रीता, मी तिथंच रडलो. लोकाईले वाटलं म्हातारा नवरी चालली म्हणून रडून राह्यला. (आमी त नवरदेवाकडचे होतो.)

तुह्या इलाजाले मी काय काय नाई बोललो. ज्या दाण्यानं पोरगी जात होती तोच तू तिले चारणार म्हणे, चिमटीभर भुकटी, तुह्या डोळ्यासमोर, मंग हळूहळू वाढवत. मी दौलतसिंगले म्हटलं, शिकून शिकून पोरीचं डोकं फिरलं. पयल्या दिवशी दवाखान्यात मले घाम फुटला. अन् घाबरलो का माहा हात खिशात जाते, खिशात भाजलेले दाणे. तुह्या नर्सनं मले खाताना पकडलं. चूळ भरायले लावली, सदरा उतरवला अन् पेशंटचा हिरवा झगा घालून बाहेर बसवलं. येणारा जाणारा इचारे, बाबा, ऑपरेशन कायचं? मी हर्निया सांगून मोकळा झालो.

बिमारी गेली नाई, रोजची चिमूट चालू ठेवा, सुई जवळ ठेवा, असं तू बजावलं हाये. ठेवतो. पण चुकून गेलेल्या घासानं पोरगी वाचली, ते तुह्यामुळे. हे उपकार माह्यानं फिटत नाईत, अन् मले फेडायचे बी नाईत. राहू दे अंगावर.

तुहा,
नानाजी काका

ता.क. धाकट्या नातवाले, प्रज्वलले, तू तपासलं अन् सांगतलं, याले आतापासूनच दाण्याची पातळ पेस्ट चाटवा, म्हणजे याले हा तरास व्हायची भीती कमी. वैभवी कवाची तयार हाये. लिलाबाई त वाटी घेऊनच बसली. घरात एकटा मीच भेतो, असं समदे म्हणतात. खरं हाये.

आखरी ता.क. उष्टावणाचा पयला घास मामानं चारायचा असते. वैभवीले भाऊ नाई, म्हणून लिलाबाईनं गावातला उदयसिंग ठरवला होता. मी त्याले नाई सांगून आलो. प्रज्वलचा मामा नागपुरात डॉक्टर हाये, फक्त त्याले अजून कोणी कळवलं नाई. मामा होऊन शनिवारी उष्टावणाले ये, बेटा. लेकरू तुह्या मांडीवर असलं त दाण्याचा घास बी मी डोळे उघडे ठेवून पाहीन.