दोन्ही आवाजांची तजवीज

मी, लामदुआन सीखाओ, वय एकोणऐंशी, धंदा सिनेमाला आवाज देणे, राहणार पाक नाम फो, जिल्हा नाखोन सावान, पूर्ण शुद्धीवर असून, डॉक्टरांनी गुडघे सोडून बाकी सगळे ठणठणीत ठरवलेले असून, कोणाच्या भिडेने वा धाकाने नव्हे तर स्वखुशीने माझ्या पश्चात मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवते. याआधी एक मृत्युपत्र करायला घेतले होते. तेव्हा रागात होते, म्हणून ते चुलीत घातले. आता हेच खरे धरावे.

१. नदीकाठचे माझे लाकडी घर जमिनीसह माझी भाची चंत्रा हिला द्यावे. ते माझ्या गळ्याच्या कमाईवर उभे आहे, दुसऱ्या कोणाची त्यात एक फळीही नाही. चंत्राचे वडील, म्हणजे माझे मेहुणे प्रासित, लग्नाकार्यात चारचौघांत म्हणायचे, "बाईमाणसानं गावोगाव माइकवर केकाटायचं, काय ही घराण्याची शोभा!" त्यांना या घरात हयातभर राहता येईल. मात्र जेवायला माझ्या फोटोखालीच बसावे लागेल.

२. बँकेतील ठेव देवळाच्या शाळेला द्यावी, मोठा पडदा आणि चांगले स्पीकर घेण्यासाठी. पंखे घेऊ नयेत. पंखे सगळेच देतात.

३. माझा जुना माइक, घोड्यांच्या टापांच्या करवंट्या आणि गडगडाटाचा पत्रा चंत्राने सांभाळावा, भंगारात घालू नये. आमच्या तरुणपणी सिनेमे मुकेच येत. औषध विकणाऱ्या गाडीबरोबर आम्ही गावोगाव हिंडायचो. पडद्याजवळ टेबलाशी दोघे बसत असू, पिसानदादा आणि मी. पुरुष सगळे त्यांचे. बायका, तान्ही पोरे, म्हाताऱ्या आणि कोंबड्या माझ्या. नायिका बुडायला लागली की गाडीवाला दिवे लावून पोटदुखीचे औषध विकायला घेई. चटईवरच्या बाया ओरडत, "घेतो रे बाबा तुझी बाटली, आधी तिला बाहेर तर काढ!" तिला बाहेर मी काढत असे. माझ्या हाकेशिवाय ती बाहेर आलीच नसती.

४. कपाटातील सिनेमांच्या सगळ्या डिस्क, जुन्या आणि नव्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाहायला द्याव्यात. एकच डिस्क घराबाहेर जाऊ नये. तिची हकिकत अशी.

'पाण्यापलीकडची सून' हा आमचा सगळ्यात गाजलेला सिनेमा. बँकॉकच्या एका कंपनीने तो घरी बघण्यासाठी डिस्कवर काढला. प्रत पुसट होती आणि अर्धी गहाळ. होता तेवढ्याला आम्ही दोघांनी पुन्हा आवाज दिला. डिस्क हातात आली, तर वेष्टणावर छापलेले, 'आवाज: पिसान आणि मंडळी'.

मी फोन लावला. "दादा, मी मंडळी कधीपासून?"

"अगं, जागा कमी पडली त्यांना."

"तुमच्या फोटोला बरी जागा पुरली!"

"हे बघ लामदुआन, लोक आवाज ओळखतात. नाव कोण वाचतं?"

"मग तुमचं का छापलंत?"

त्यावर त्यांनी फोन ठेवला आणि मी त्यांच्याशी बोलणे टाकले. मधल्या काळात पिचित गावची एक बाई बाजारात माझा आवाज ऐकून थबकली. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, कोणाशी बोलत नव्हती. डिस्क लावली की सिनेमातल्या सुनेला पडल्यापडल्या उत्तरे द्यायची. "जाऊ नकोस गं त्याच्याबरोबर," म्हणायची. मी चटईवरच्या हजारोंसमोर बोलले आहे, पण त्या एका खाटेचा मला जास्त अभिमान वाटला.

पुढे सिनेमाची अख्खी, स्वच्छ प्रत सापडली. ती डिस्कवर नव्याने काढणारी सिरिन नावाची मुलगी माझ्या ओसरीवर आली. तिनेच सांगितले की पिसानदादांच्या घशाला कर्करोग झाला, स्वरयंत्र काढले, आता आवाज नाही.

"नव्याने मिळालेल्या अर्ध्या भागात बायका तुम्ही बोलाल, पण पुरुषांना आवाजच नाही," ती म्हणाली. "कंपनी एक तरुण नट सुचवतेय. तुम्हाला काय वाटतं, आजी?"

"पुरुषही मीच बोलते. त्यांचा आवाज माझ्या कानाशी म्हातारा झालाय."

ती हसली. मग मी सिनेमातल्या नावाड्याचे एक वाक्य दादांच्या आवाजात बोलून दाखवले, तशी हसायची थांबली.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पिसानदादा आले. गळ्याला पंचा, हातात पाटी. मी त्यांच्याकडे न बघता बसले. बायको निघून जाते तिथे मी नावाड्याला रडवले. त्यांनी टेबलावर थाप मारली आणि पाटी पुढे केली: "नावाडी रडत नाही. घसा खाकरतो."

बरोबर होते. मी पुन्हा बोलले, नुसती खाकरले. काचेपलीकडे सिरिन डोळे पुसत होती. दादांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला होता, जणू तिथूनच आवाज निघाला. मग पाटी पुसून लिहिले: "हा मी."

त्या क्षणी माझा राग संपला. नव्या वेष्टणावर दोघांची नावे आहेत; घराबाहेर जाऊ नये ती डिस्क हीच. या वेळी ते एक अक्षर बोलले नव्हते, तरी त्यांचे नाव घालायला मीच सांगितले. माझे आधी घालायलाही मीच सांगितले.

५. माझ्या दहनाच्या कार्यात हाच सिनेमा मोकळ्या मैदानात दाखवावा. आवाज पूर्ण ठेवावा. भिक्षूंनी कमी करा म्हटले तर त्यांना पुढची जागा द्यावी.

६. डिस्कचे जे उत्पन्न येईल ते अर्धे चंत्राला. उरलेले अर्धे पिसानदादांना द्यायचे मी ठरवले होते. हा मसुदा वाचायला ते परवा इथे आले. वकील म्हणाले, "साक्षीदार अजून एक हवा. पण ज्याला वाटा आहे त्याला सही करता येणार नाही."

दादांनी पाटी घेतली. "वाटा खोडा. सही कुठे करू?"

मी म्हटले, "अहो, औषधपाण्याला लागेल. हट्ट कशाला?"

त्यांनी तीच पाटी पुन्हा वर धरली.

म्हणून तो अर्धा भागही चंत्राला. पिसानदादांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, आणि यात माझा काही आकस नाही, हे सर्वांनी नोंदवून घ्यावे. वकिलांनी साक्षीदारांच्या दोन सह्यांसाठी शेजारी शेजारी जागा आखली होती. दादांनी त्यांच्या हातून कागद घेतला आणि माझ्या सहीच्या जागेच्या बरोबर खाली बोट ठेवले, नव्या वेष्टणावरच्याच क्रमाने.

लिहून ठेवणार: लामदुआन सीखाओ (सही)

साक्षीदार: पिसान थोंगयू (सही)

साक्षीदार: सिरिन वोरावुत (सही)

मुक्काम पाक नाम फो, १२ नोव्हेंबर, बौद्ध संवत २५६१