नावेखालचं निळं

रोक्कालता
कॉर्पुस दोमिनीच्या सणानंतरचा मंगळवार

आजी कोणाला भेटत नाही, तिला माणसं चालत नाहीत, असं तू त्या पोरीला सांगितलंस. मला माणसं चालत नाहीत? मला खोटारडी माणसं चालत नाहीत, आणि ती तरी कुठे, आयुष्यभर चालवूनच घेतलीत. शिवाय रोम आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये आपल्या गावी उतरायला वेळच नसतो, असंही म्हणालास. हॉलंडहून म्हातारी जोडपी येतात, काठ्या टेकत. सकाळी रोम, रात्री फ्लॉरेन्स आणि मध्ये आपलं गाव बसवतात. बुरूज बघतात, जेवतात, चर्चच्या पायरीवर बूट काढून पाय चोळतात आणि जातात. त्यांना जमतं. तुला गाडीत तिकिटं तपासायचा पगार मिळतो, रोज याच डोंगराखालून जातोस, आणि तुला जमत नाही.

बरं. नेवियो, तुला आशीर्वाद. मी बरी आहे, तू बरा असशील असं धरून चालते. कोंबड्या ठीक आहेत. पाणी यंदा पुरेल असं वाटतं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि मागे गाडीचा भोंगा वाजतो. कागदावर तुला हो हो म्हणता येणार नाही.

रविवारी सण होता. फुलांच्या चित्रासाठी गल्लीभर मास्तरांनी खडूने रेषा मारल्या होत्या. आदल्या आठवड्यापासून घराघरात पाकळ्या खुडणं चालू होतं. पिवळ्याला जिनेस्त्राची फुलं, हिरव्याला रानबडीशेपेचा पाला, लालला खसखशीची फुलं नि गुलाब. आपल्या दारात नेहमीप्रमाणे निळं. का ते मला कधी कळलं नाही. क्लेलियाच्या दारात यंदा माशांची तोंडं आली, डोळ्यांसकट. समोरच्यांना शीड मिळालं. आणि आपल्याला निळं. ना चेहरा, ना पंख, नुसतं या भिंतीपासून त्या चाकोरीपर्यंत निळं. मास्तरांना मी म्हटलं, "एखादं शेपूट तरी द्या." ते म्हणाले, "ओर्सोलाबाई, पाणी पण लागतं." म्हटलं, पाणी विहिरीत असतं.

भिंतीकडची बाजू मी भरते हे तुला माहीत आहे. चाकोरीकडची, तुझा बाप गेल्यापासून, तीन वर्षं मीच भरत होते.

यंदा पहाटे उठले, टोपल्या बाहेर काढल्या, भिंतीकडचं भरलं. मग चाकोरीकडे सरकायला गेले तर गुडघा वळेना. दुसरा वळला, पण एका गुडघ्यावर कोण काम करतं. आतून खुर्ची आणली आणि बसले. येणाजाणाऱ्याला वाटावं की मी आराम करतेय. दोन-तीन जणींनी विचारलं, मी म्हटलं, ऊन कमी व्हायची वाट बघतेय. ऊन अजून आलंच नव्हतं.

क्लेलियाला मात्र लगेच कळलं. तिची माशांची तोंडं झाली होती. ती उरलेल्या पाकळ्यांची टोपली घेऊन तिच्या उंबऱ्यावर उभी राहिली. मरणाऱ्या माणसाच्या खाटेशी नातेवाईक उभे राहतात ना, तशी, अगदी प्रेमाने. गल्लीचा नियम तुला आठवत असेल. मिरवणुकीची घंटा व्हायच्या आत घराने आपला तुकडा आपल्या हातांनी भरायचा. नाही भरला तर शेजारचं घर भरतं, आणि पुढच्या वर्षापासून तो तुकडा शेजाऱ्यांचा. खालच्या कोपऱ्यातल्या घराचा तसाच गेला. पोरं जर्मनीत, म्हातारा एकटा. कोणी भांडलं नाही. त्यानंतर म्हातारा सणाच्या दिवशी दार उघडेनासा झाला, एवढंच.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा. एक मुलगी चाकांची बॅग दगडांवरून खडखडवत येत होती, फुलांच्या अगदी कडेने. सगळ्या गल्लीने तिला झापलं.

"बाई, चाकं उचला."

"उचला ना, काय बाजारात आलाय?"

तिने बॅग डोक्यावर घेतली. खरंच डोक्यावर. "ओर्सोला आजी कुठे राहतात?" तिने विचारलं.

"ती काय," क्लेलिया म्हणाली, "खुर्चीत बसलीय, राणीसारखी."

मुलगी माझ्यासमोर आली. मी ओर्नेला, नेवियोची, म्हणाली आणि पुढचा शब्द तिला सापडला नाही. मीही मदत केली नाही. मग तिने सांगितलं की रोमहून फ्लॉरेन्सला परत चाललेय, थांबत थांबत जाणाऱ्या गाडीने आले, खालून बस घेतली, पुढची गाडी दुपारच्या आत आहे. तुला सांगितलेलं नाही, असंही म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, माझा चष्मा काढून घेतला, काडी दोन बोटांनी वाकवली आणि परत नाकावर ठेवला. "वाकडा बसत होता," म्हणाली. चष्म्याच्या दुकानात आहे म्हणे. कितीतरी महिन्यांनी क्लेलियाचं तोंड मला नीट दिसलं. त्यात फारसा फायदा नव्हता.

"हे अर्धंच का?" तिने विचारलं.

"गुडघा."

एवढंच म्हटलं मी. तुझ्या बापाचं नाव घेतलं नाही. पण तिला माहीत होतं. "एत्तोरेंची बाजू का?" तिने विचारलं. तू तिला हे सांगितलंस तर. मला वाटत होतं तू कोणाला काहीच सांगत नाहीस.

तिने बूट काढले, मोजे काढले आणि बसली गुडघ्यांवर. नेवियो, तिला काहीही येत नव्हतं. पाकळ्या कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा फेकत होती. मी खुर्चीतून ओरडत होते. दाबून ठेव. ओला हात लावू नकोस. रेषेबाहेर जाऊ नकोस. ती म्हणाली, "आजी, जरा दम धरा, मी पण माणूस आहे." मी दम धरला. मीच.

घंटेला थोडाच वेळ होता तेव्हा क्लेलिया आली. ती वाईट बाई नाही, नियमाची बाई आहे. पाद्री डॉन फाउस्तो पलीकडे मांडवाखाली उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही कोणत्या घरची?"

"आमच्या."

"तुमच्या म्हणजे?"

"नेवियोची."

"लग्न कधी झालं?"

"व्हायचंय."

"कधी?"

"तुला बोलावीन तेव्हा तुला कळेल. नवे कपडे शिवून ठेव."

आता तू कपाळाला हात लावला असशील. लाव. पाद्री ऐकत होते, गल्ली ऐकत होती. आणि आपल्याकडे सणाला घराच्या दारापुढे पोरीने गुडघे टेकले म्हणजे ती त्या घरची सून ठरली, हे तुला वेगळं सांगायला नको, तू इथेच वाढलास. मला माहीत होतं मी काय बोलतेय. तुकडा जात होता.

पोरीची मान लाल झाली. पण तिने डोकं वर केलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हात तेवढे भराभर चालायला लागले. घंटा झाली तेव्हा शेवटची मूठ नुकतीच दाबून झाली होती. क्लेलियाने टोपली घरात नेली. ओर्नेलाची गाडी त्याआधीच गेली होती.

आता जे सांगायला खरं तर बसले ते सांगते.

घंटेनंतरही मिरवणूक निघायला वेळ होता. ती म्हणाली, चला, बुरुजावर जाऊ. म्हटलं, ते परक्यांसाठी आहे. खरंच, गावचं कोणी जात नाही वर. नगरपालिकेने पाहुण्यांसाठी लिफ्ट बसवली तेव्हा आम्ही हसलो होतो. जन्मभर त्या बुरुजाच्या सावलीत कपडे वाळत घातले, वर कशाला जायचं? फुलांचे फोटो दुकानात मिळतात, त्यात सगळं टाचणीएवढं दिसतं. फुलं आपण खालून बघतो, नाकाजवळून, मुंग्यांसारखी. सण संपला की झाडून टाकतो. ओर्नेला म्हणाली, "परक्यांनी बघायचं आणि करणाऱ्यांनी नाही, हा कुठला न्याय?" आणि माझा दंड धरून लिफ्टमध्ये घातलं.

दार उघडलं, वारा लागला, मी कठड्याला धरलं आणि खाली बघितलं.

नेवियो, खाली गल्ली नव्हती. चर्चच्या दारापासून वेशीपर्यंत एक नाव होती. शीड एवढं भरलेलं की त्याच्यामुळेच वारा सुटलाय असं वाटावं. जाळं कडेवरून ओसंडत होतं आणि त्यात क्लेलियाचे मासे. तेही सुंदर होते, हे तिला सांगू नकोस. आणि ती नाव, तो सगळा भार, शीड, मासे, माणसं, सगळं आपल्या दारातल्या निळ्यावर उभं होतं. मी हाताने आपल्या दाराची जागा झाकून बघितली. नाव पडली. हात काढला, तरंगली.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या निळ्याला नावं ठेवतेय. तुझा बाप कधी बोलला नाही. तो आपला चाकोरीकडे बसून दाबत राहायचा, मला म्हणायचा, आई, सारखं असू दे, जाडपातळ नको. मला वाटायचं हा चिकट आहे. त्याला कसं कळलं होतं ते मला माहीत नाही. तो कधी बुरुजावर चढला होता की न बघताच त्याला कळलं होतं, हे आता कोणाला विचारू?

भिंतीकडची बाजू माझी, सपाट. चाकोरीकडची ओर्नेलाची, ढिगाऱ्यांची. वरून तिथे लाटा दिसत होत्या. चुकीच्या, पण लाटाच.

मग डॉन फाउस्तो बाहेर आले, प्रसाद उंच धरून, आणि पहिलं पाऊल शिडावर पडलं. मागून सगळं गाव. नाव त्यांच्या पायांखाली पुसत गेली. मी इतकी वर्षं खाली गुडघे टेकून मान खाली घालत होते, ते पाऊल कधी बघितलंच नव्हतं. वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. पाण्यावरून माणसं चालत येत होती, दुसरं काही नाही. मी क्रुसाची खूण करायची विसरले.

ओर्नेलाने तेव्हा सांगितलं. म्हणाली, "नेवियोची गाडी खालच्या बोगद्यातून निघते ना, तिथपासून पुलापर्यंत तुमचं गाव दिसतं, तेवढा वेळ तो डोळे मिटतो. तिकिटं हातात असली तरी." मला वाटत होतं तू विसरलास. विसरला असतास तर डोळे मिटावे लागले नसते.

मी तिला विचारलं, "खाली मी खोटं बोलले का?"

"मला कसं माहीत असणार आजी," ती म्हणाली. "मला अजून कोणी विचारलंच नाही."

"मग एवढे दिवस तो काय करतोय?"

"तिकिटं तपासतोय."

घरी येऊन हिरव्या शेंगा आणि मेंढीचं चीज खाल्लं. तिने माझ्याहून जास्त खाल्लं, हे चांगलं. संध्याकाळच्या गाडीने गेली. बॅग वेशीपर्यंत डोक्यावरच नेली, फुलं झाडून झाली होती तरी.

तर असं आहे. तुकडा यंदा वाचला, तो माझ्या एका शब्दावर. तो शब्द खोटा निघाला तर नियमाने यंदाचं भरणंही खोटं, आणि मी क्लेलियाच्या दारात जाऊन तसं सांगेन, कारण गल्लीला फसवून ती जागा मला नको. तुला घाबरवत नाहीये. तुला ती पोर नको असेल तर नको. पण मग तिला स्पष्ट सांग, बोगद्यापुढे डोळे मिटतोस तसं करू नकोस. आणि हवी असेल तर तोंड उघडून विचार. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, मी तिचं मन बघितलेलं नाही, फक्त तिचे गुडघे बघितलेत. जाताना सोललेले होते.

तुझं अक्षर मी दुरून ओळखते. पाकिटावर ते दिसलं तर आत काय आहे ते मला कळेल, आणि मी ते न फोडता निळ्याची टोपली उचलून शेजारी नेईन.

अजून तरी त्या निळ्याची मालकीण,
तुझी आजी ओर्सोला

ठरलं, तर उत्तर ओर्नेलानेच लिहायचं.